जोडीतलं दुसरं बर्फफूल

४ सप्टेंबर

धाकटे,

तुझी मण्यांची साठ बर्फफुलं मागच्या महिन्यात मिळाली होती. मोजून घेतली, साठच भरली. एकही मणी तडकलेला नव्हता. चांगलं एवढंच आहे, म्हणून आधी लिहून टाकलं.

आता ऐक. एक माझं, एक तुझं अशा वीस जोड्या लावल्या, हूक अडकवले, कार्डांवर बसवल्या आणि दुकानात नेऊन दिल्या. आठव्या दिवशी दुकानदाराने बोलावून घेतलं आणि वीसच्या वीस माझ्यापुढे ठेवल्या. काउंटरखालून पट्टी काढली, एका कार्डावरची दोन फुलं तिच्यावर धरली आणि माझ्यापुढे सरकवली. तुझं फूल माझ्याहून एका बारीक मण्याएवढं मोठं आहे. एका जोडीत नाही, सगळ्या वीसांत. बायका कानाला लावून आरशात बघतात आणि परत ठेवतात म्हणे, कारण एक कान जड दिसतो. शेजारी चार गिऱ्हाइकं उभी होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

नऊ वर्षं त्या दुकानात आपली कानातली जातात. नऊ वर्षांत एक जोडी परत आली नव्हती. मामंजी होते तेव्हाही एक फूल माझं आणि एक तुझंच असायचं, आणि दोन्ही कशी एका साच्यातून काढल्यासारखी. मामंजींना जाऊन आता आठ महिने झाले, भाऊजींची बदली होऊन तुम्ही तिकडे गेलात त्याला पाच. मामंजी गेल्यापासून काम बंदच होतं, ही पहिलीच खेप. एवढ्यात तुझा हात ढिला कसा पडला? मला वाटतं, तिकडे मागून कुणी बघणारं नाही म्हणून तू दोरा पुरता न ओढताच पुढचा मणी घेतेस. स्पष्ट लिहिलंय. राग आला तर येऊ दे.

पंधरा नोव्हेंबरला दुकानाच्या काचेत थंडीचा माल लागतो. तोवर साठ जोड्या नीट गेल्या नाहीत तर तो यंत्रावरची फुलं मागवणार आहे. तसं त्याने तोंडावर सांगितलं. तेव्हा नवीन साठ कर आणि नीट कर.

फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तुझा आवाज चढतो, मग माझा चढतो आणि मुद्दा बाजूला राहतो. पत्रात निदान शाई वाळेपर्यंत थांबावं लागतं.

थोरली


११ सप्टेंबर

जाऊबाई,

राग येऊ दे म्हणालात, आला. शाई दोनदा वाळू दिली तरी गेला नाही.

माझ्याकडे चार फुलं उरली आहेत. ती मी पट्टीवर ठेवली. नऊ वर्षांपूर्वी होती तेवढीच आहेत, कारण कृती तीच आहे: मध्ये सहा मण्यांचं कडं, मग सहा हात, प्रत्येक हाताला एक काचमणी आणि टोकाला तीन बारीक मणी. मी डावखुरी, म्हणून उलट्या बाजूने फिरते, एवढाच काय तो फरक. माझं फूल मोठं झालेलं नाही. तुमचं आवळलंय. तुम्ही दोरा असा ओढता की फुलाने श्वाससुद्धा घेऊ नये. तुमच्या घरात तुमच्या हाताला कोण बघतंय, हे मी विचारलं का?

आणि तक्रार एकट्या माझ्या माथी कशी? पहिल्या महिन्यातलं आठवतं का, दुकानदार म्हणाला होता की मोठ्या सुनेचा हात सुरेख आहे. त्यावरून आपण तीन दिवस बोललो नव्हतो. मी भांडी आपटत होते, तुम्ही दारं. चौथ्या दिवशी मामंजी घड्याळदुरुस्तीचं काम बाजूला ठेवून उठले आणि नियम केला की यापुढे प्रत्येक जोडीत एक हिचं, एक तिचं. कौतुक आलं तर निम्मं निम्मं, बोलणी बसली तर निम्मी निम्मी. म्हणजे त्या वीस कार्डांतली बोलणी निम्मी तुमची आहेत. माझी निम्मी मी घेतली.

तुम्हाला इथलं काही माहीत नाही म्हणून लिहिते. माझं टेबल कपडे धुण्याच्या यंत्राला लागून आहे. ते फिरायला लागलं की मणी ताटलीतून चालायला लागतात. तुमचे भाऊजी घरात आले की किल्ल्या नेमक्या त्याच ताटलीत टाकतात, रोज सांगूनसुद्धा. खालच्या मजल्यावरची बाई मला अजून 'नवीन बिऱ्हाड' म्हणते, म्हणजे मी माणूसही नाही, बिऱ्हाड आहे. हातात सुई असते तेवढा वेळच मी कोणीतरी असते. ते काम ढिलं आहे असं तुम्ही एका ओळीत लिहिलंत.

धाकटी


२० सप्टेंबर

धाकटे,

नाचता येईना अंगण वाकडं. पट्टी तुझ्याकडची काय आणि इथली काय, सारखीच असते.

सोबत माझं एक फूल पाठवते आहे. नमुना समज. आपलं फूल त्याच्यावर ठेवायचं, बाहेर काही दिसता कामा नये. दिसलं तर उसवायचं. एवढं लहान मुलालाही जमेल.

मामंजींच्या वेळी आपण दोघी नीट वागायचो, कारण ते मागे होते. संध्याकाळचे सहा वाजले की माझी डबी आणि तुझी डबी टेबलावर उलटी करायचे, डोळ्याला ती घड्याळदुरुस्तीची काच लावायचे आणि बसायचे. हूक तेच अडकवणार, कार्डावर तेच बसवणार, पाकीट तेच चिकटवणार आणि दुकानात तेच नेऊन देणार. आपल्याला हात लावू द्यायचे नाहीत. तुझी सहा आणि माझी दहा झाली तरी चकार शब्द काढायचे नाहीत. पण कुणाची सात झाली की लगेच डबी परत, 'एक आणखी करा, विषम नको.' वैताग यायचा मला. उठून स्वयंपाकाला लागावं तर एका फुलासाठी पुन्हा सुईत दोरा ओवायचा. पण त्या शिस्तीनेच काम सुधारलं, हे मान्य कर.

आता त्यांच्या खुर्चीत मी बसते. टेबलाच्या एकाच बाजूला दिवा लागतो. तुझी बाजू पुसायचीही गरज पडत नाही. ते असो. दिवस मोजकेच आहेत, वाद नको, फुलं पाठव.

थोरली


२ ऑक्टोबर

जाऊबाई,

दहा पाठवते आहे. साठ नाहीत. का, ते सांगते.

तुमचा नमुना पुढ्यात ठेवला आणि दोरा तुमच्यासारखा आवळला. तिसऱ्या हातावर काचमणी तडकला. पुन्हा केलं, पाचव्या हातावर तडकला. तिसऱ्यांदा शेवटची गाठ मारताना मधलं कडंच फुटलं आणि मणी यंत्राखाली गेले. मी पालथी पडून ते झाडूच्या काडीने काढत होते तेवढ्यात तुमचे भाऊजी आले आणि म्हणाले, काय हरवलंय? मी म्हटलं, डोकं.

आठ दिवसांत ही दहा झाली. अंगठ्याला दोऱ्याने चीर पडली आहे, जेवताना झोंबते. दहांतली नऊ मला माझी वाटत नाहीत. एक मात्र वैतागून माझ्या हाताने सैल सोडलं, ते काय ते बरं झालंय.

मला एक सरळ सांगा. तुम्हाला हे काम एकटीने करायचं आहे का? तसं असेल तर पट्टी, नमुना, शिस्त, हे सगळं कशाला? 'धाकटे, थांब आता' एवढं लिहिलंत तरी मला कळतं. नऊ वर्षं जुळणारी फुलं मी घर बदलल्याबरोबर जुळेनाशी झाली, हे मला पटत नाही. काहीतरी बदललंय, आणि ते माझ्या हातात नाही. तुमच्या मनात असेल.

धाकटी


९ ऑक्टोबर

धाकटे,

दहांतली नऊ वाटेतच तडकली. पाकीट उघडलं तर काचेचा चुरा. माझ्या बोटात एक कण शिरला, तो अजून निघाला नाही.

मनात काय आहे ते तू मला सांगू नकोस. एकटीने करायचं असतं तर तुला पार्सलं पाठव म्हणून मी पाच महिने मागे लागले नसते. उचलली जीभ लावली टाळ्याला, तुझं पहिल्यापासून असंच आहे.

आता एकच काम कर, म्हणजे वाद मिटेल. जाताना मामंजींचा निळा बिस्किटांचा डबा तू घेऊन गेलीस, मला न विचारता. मी बोलले नाही, पण बघितलं होतं. त्यात त्यांनी शेवटी लावलेली कार्डं आहेत, दुकानात द्यायची राहून गेली ती. आजारी पडण्याच्या आदल्या संध्याकाळी ते चिकटवत बसले होते. तो डबा उघड. एकेक पाकीट फोड. माझं आणि तुझं फूल कसं मिळतंजुळतं असायचं ते आपल्या डोळ्यांनी बघ, त्याच्याशेजारी आपलं आजचं फूल ठेव आणि मग मला लिही की हात कुणाचा बदलला.

थोरली


२४ ऑक्टोबर

धाकटे,

पंधरा दिवस झाले. डबा उघडून बघायला पंधरा मिनिटं लागतात. तुझं उत्तर नाही, यातच उत्तर आलं.

पुढच्या सोमवारी दुकानात जाऊन सांगणार आहे की आमच्याकडून होणार नाही, तुम्ही यंत्रावरचा माल मागवा. वीस कार्डं परत घेताना जेवढी मान खाली गेली तेवढीच पुन्हा जाईल. उरलेले मणी तुला हवे असतील तर सांग, नाहीतर शेजारच्या शिंपीणबाई विचारत होत्या.

थोरली


२७ ऑक्टोबर

जाऊबाई,

सोमवारी दुकानात जाऊ नका. हे पत्र रजिस्टर्ड टाकते आहे, शनिवारी तुमच्या हातात पडेल. आधी शेवटपर्यंत वाचा.

डबा मी त्याच दिवशी उघडला होता. विचारलं नाही, ही चूक माझी. त्यांच्या हातचं काहीतरी जवळ असावं, एवढ्यासाठी नेला होता. आत बारा कार्डं होती. पहिलं पाकीट फोडलं. दोन्ही फुलं अगदी सारखी. तुम्ही म्हणालात तसंच. मला रडू आलं, म्हटलं खरंच माझा हात गेला. मग त्यातलं तुमचं फूल बघावं, तुम्ही कसं केलं होतंत ते शिकावं, म्हणून दोन्ही उलटी केली.

माझी गाठ तिसऱ्या हाताच्या मागे असते, आणि दोरा उलट्या बाजूने फिरलेला असतो. तुम्ही गाठ मधल्या मण्याच्या पोटात ओढून घेता, शोधून सापडत नाही. त्या कार्डावरच्या दोन्ही फुलांना गाठ तिसऱ्या हाताच्या मागे होती. दोन्ही माझीच.

दुसरं फोडलं. दोन्ही तुमची. तिसरं, दोन्ही तुमची. चौथं माझं. बाराही कार्डं फोडली, जाऊबाई. सात तुमची, पाच माझी. एकाही कार्डावर आपण दोघी मिळून नाही आहोत.

माझं आजचं फूल त्या पाच कार्डांवर ठेवून बघितलं. केसाचाही फरक नाही. तुमचा नमुना तुमच्या सातांवर ठेवला. तोही तंतोतंत. कुणाचाही हात बदललेला नाही. आपली फुलं कधी जुळतच नव्हती. मामंजी रोज संध्याकाळी डोळ्याला काच लावून आपल्याला वेगवेगळं करत होते आणि ताकास तूर लागू देत नव्हते.

तुमची दहा आणि माझी सहा त्यांना का चालायची आणि सात का चालायची नाहीत, ते आता कळलं का? मला ते तुमच्याच पत्रातून कळलं.

पंधरा दिवस लिहिलं नाही कारण कुणावर चिडावं ते समजत नव्हतं. तुमच्यावर चिडायची इतकी सवय झाली होती.

धाकटी


२ नोव्हेंबर

धाकटे,

पत्र शनिवारी मिळालं. सोमवारी दुकानात गेले नाही.

परत आलेली वीस कार्डं काढली. हूक सोडवले. कपाटातली तुझी चाळीस आणि माझी चाळीस आणली. सगळी टेबलावर उलटी घातली आणि गाठी बघत दोन ढीग केले. तुझी साठ, माझी साठ. तुझ्या तीस जोड्या, माझ्या तीस. एकूण साठ. माल ऑगस्टपासून घरातच होता. तुझा अंगठा कापला, माझ्या बोटात काच गेली, दोन महिने आपण एकमेकींना नको ते लिहिलं आणि माल कपाटात पडून होता. माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की नियम मोडून बघावा. नियम मामंजींचा होता, मोडायचा कसा?

त्यांनीच तो नऊ वर्षं मोडला, रोज, माझ्यासमोर बसून. मी त्यांना चहा नेऊन द्यायची. त्या माणसाचा इतका राग आलाय की त्यांच्या फोटोवरची धूळ मी आज पुसली नाही.

आता जे लिहिते ते लिहू नये असं वाटतंय. पण तू तुझी चूक लिहिलीस.

नियम झाल्यावर पहिल्या आठवड्यात मी दोन फुलं शेजारी ठेवून बघितली होती. फरक तेव्हाच दिसला होता. मी मामंजींकडे गेले आणि म्हटलं, धाकटीचं काम ढिलं आहे, तिच्यामुळे माझाही माल खराब दिसेल, तिला दुसरं काहीतरी द्या. कानामागून आली आणि तिखट झाली, असंही म्हटलं. ते म्हणाले, 'बघतो.' त्यानंतर तक्रार कधी आली नाही. मला वाटलं तू सुधारलीस. माझ्यामुळे सुधारलीस, असंही वाटायचं. त्याचा मला अभिमान होता.

थोरली


८ नोव्हेंबर

जाऊबाई,

वाचलं. वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू?

ढिलं म्हणालात त्याचं नाही. ते तर सप्टेंबरातही म्हणालात. नऊ वर्षं टेबलाच्या पलीकडे बसून तुम्ही माझ्याकडे बघून हसायचात ना, डबी मामंजींकडे देताना, ते हसणं मला फार आवडायचं. मला वाटायचं, आपलं दोघींचं मिळून काहीतरी चाललंय. तुम्ही मास्तरणीसारख्या हसत होता.

मामंजींवर मी तुमच्यापेक्षा जास्त चिडले आहे. ते एकदा तरी बोलले असते तर मी रडले असते, दोन दिवस फुगले असते आणि माझ्या जोड्या वेगळ्या केल्या असत्या. मी एवढी लेचीपेची नव्हते. पण एक मनातून जात नाही. 'बघतो' म्हणाले आणि मला काढलं नाही. त्यापेक्षा रोज डोळे फोडत बसले.

असो. आता नियमात काही अर्थ उरला नाही. तुमच्या जोड्या तुम्ही करा, माझ्या मी करते. इथे पुलाजवळ एक दुकान आहे, तिथे विचारून बघेन. पार्सलांचा खटाटोप वाचेल आणि पत्रांचाही. कुणाच्या हातामुळे कुणाचा माल खराब दिसायला नको.

धाकटी


१६ नोव्हेंबर

धाकटे,

काल साठ कार्डं देऊन आले. दुकानदाराने पट्टी काढलीच. साठही जोड्या मोजल्या, मी उभी राहिले. एकही बाजूला काढली नाही. सगळं झाल्यावर पट्टी खिशात घातली, मान वर केली, माझ्या कानांकडे बघितलं आणि म्हणाला, 'हे बघा, तुम्ही घातलीत ना, अशी जुळायला हवी होती पहिल्यापासून. ती वीस कशी काय बिघडली तुमच्याकडून?'

माझ्या उजव्या कानात माझं फूल होतं आणि डाव्यात तुझं. तू वैतागून सैल सोडलेलं, दहांतलं न तडकलेलं ते एक. घरून मुद्दाम घालून गेले होते. त्याने बघावं आणि त्याला कळावं, मग मी त्याला चार शब्द ऐकवावे, असा माझा बेत होता. त्याला कळलंच नाही. पट्टी खिशात, चष्मा नाकावर, आणि मेल्याला फरक दिसला नाही. वाटेत शिंपीणबाईंना दाखवलं, त्यांनाही नाही. घरी तुझ्या दादांना तर बायकोला कान आहेत हेच दिसत नाही. दोन्ही कान कुणाला एकदम दिसतात का गं? मधे तोंड असतं.

म्हणजे दोन महिने आपण कशासाठी एकमेकींचा जीव खाल्ला, हा नवीन संताप आता घेऊन बसले आहे.

पुलाजवळच्या दुकानात जायचं असेल तर जा, मी अडवणारी कोण? पण माझं ऐकशील तर जाऊ नकोस. फुलं इकडेच पाठव, तुझ्या हाताला येतात तशी, सैल. जोड्या मी लावेन, तुझ्या तुझ्याशी, माझ्या माझ्याशी. मामंजींची काच कपाटात सापडली आहे. मी हसायचे ते मास्तरणीसारखं होतं, हे खरं आहे. सगळं तसं नव्हतं, हेही खरं आहे. कुठलं किती ते मला आता सांगता येणार नाही.

तुझ्याकडे माझं एक फूल आहे, नमुना म्हणून पाठवलेलं. ते परत पाठवू नकोस. तुझ्या चारांतलं एक त्याच्या जोडीला घे. सोबत दोन हूक ठेवले आहेत, पक्कड नसेल तर भाऊजींच्या किल्लीने दाबून घे. मग तुझ्याकडे तुझी तीन राहतील. राहू देत.

थोरली